विभूतीनं घासलेली काच

झरीच्या बाजारगल्लीत चन्नबसम्माच्या ओट्यावर पितळेचा तांब्या ठेवून कुणी जरा इकडं तिकडं गेलं, की परत येईपर्यंत तो घासून पालथा घातलेला असायचा. विचारणं नाही, सांगणं नाही. पाहुणा बिचकून विचारायचा, बाई, हा माझाच तांब्या का? ती म्हणायची, तुमचाच हाय, फक्त आता दिसायलाय. डाग म्हणून या बाईला बघवत नव्हता. लोकांच्या लेकरांच्या गालावरचं वाळलेलं वरणसुद्धा ती पदराचं टोक ओलं करून खरवडायची, आणि लेकरं तिला लांबून बघूनच वाट बदलायची.

तसं हे खूळ घराच्या पथ्यावरच पडलं होतं म्हणा. नवरा शिवरुद्र, ज्यांना सगळं गाव शिवरुद्रप्पा म्हणायचं, त्यांचं भांड्यांचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. गिऱ्हाईक भांडं घ्यायच्या आधी त्यात आपलं तोंड बघतं, असं शिवरुद्रप्पा सांगायचे, आणि ते तोंड नीट दिसायची तजवीज चन्नबसम्मा करायची. पितळेला चिंच, तव्याला विटकरीचा चुरा, स्टीलला चुलीतली राख. आणि चांदीला विभूती. चांदी घरात ती कितीशी? दोघांच्या गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डब्या, तेवढीच. पण कपाळाला लावायची तीच विभूती ओल्या बोटावर चिमूटभर घेऊन डबी गोल गोल चोळली, की चांदी अशी उजळायची की बघत राहावं. हे तिला सासूनं शिकवलेलं, सासूला तिच्या सासूनं. तेव्हा विभूतीनं जे निघत नाही ते निघायच्या लायकीचंच नसतं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. एकदा तिनं शिवरुद्रप्पांचा चष्मा विभूतीनं घासला होता आणि काचा कायमच्या धुरकट झाल्या होत्या. पण त्यात विभूतीचा दोष नाही, काचच हलकी निघाली, असं तिचं ठाम मत.

आणि एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. तिच्या जिवाला घोर लागला की तिचे हात थांबत नसत. दुसऱ्या बाया अशा वेळी रडतात, भांडतात, शेजारी जाऊन बसतात. ही घासत बसायची. तिची लेक घर सोडून गेली त्या आठवड्यात तिनं दुकानाच्या माळ्यावरची न खपलेली सगळी भांडी खाली काढली आणि बोटांची सालं निघेपर्यंत घासली. गिऱ्हाइकं म्हणाली, शिवरुद्रप्पा, नवा माल आला वाटतं.

लेक एकुलती एक. नाव महेश्वरी, घरात माही. परभणीला कॉलेजात असताना पिंगळीच्या योगीराजशी तिचं जुळलं. पोरगा शेतकऱ्याच्या घरचा, सरळ, हैदराबादला नोकरीला लागलेला. खोट काढायला जागा नव्हती, पण तो लिंगायत नव्हता, आणि शिवरुद्रप्पांना तेवढं एकच कारण पुरलं. शेवटी पोरीनं आपल्या मनानं लग्न केलं आणि हैदराबादेहून घरी फोन लावला. तो चन्नबसम्माच्या हातात वाजला. तिनं उचलला, "माय" एवढा एक शब्द ऐकला, आणि समोरून शिवरुद्रप्पांनी हात पुढं केला. तिनं फोन मुकाट त्यांच्या हातात दिला. त्यांनी लाल बटण दाबलं. झालं, संपलं. नवऱ्यानं फोन कट केला याचं दुःख तिला होतंच, पण आपण तो आपल्या हातानं दिला, हे तिला आजवर पचलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून त्या घरात माहीचं नाव निघालं नाही. शिवरुद्रप्पा बायकोला "माहीची माय" म्हणून हाक मारायचे, ती हाकही गेली. आता म्हणायचे, "ऐकलं का?" ऐकलं का म्हणे! ऐकायला घरात दुसरं होतं कोण?

आता ही गोष्ट ज्या सोमवारची आहे त्या सोमवाराकडं येऊ. शेजारच्या किशनरावांची सून निकिता, तिचं माहेर पिंगळीचं. संक्रांतीला ती माहेरी गेली आणि येताना योगीराजच्या घरून पदरात निरोप बांधून आली. माहीला मुलगी झाली होती. बाळ आता मान धरायला लागलं होतं. माहीनं सांगून पाठवलं होतं की येत्या सोमवारी दुपारी, अप्पा जेवून लवंडले की मी व्हिडिओ कॉल करीन. एकदाच करीन. मायनं उचलला तर बाळ दाखवीन. कट केला तर काय समजायचं ते समजेन, परत तरास देणार न्हाई.

निकितानं हे परसात, आवाज खाली आणून सांगितलं. चन्नबसम्मानं ते तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं, मग पुन्हा. शेवटचं वाक्य ऐकवत नव्हतं, तरी तेच ऐकायला पाहिजे होतं.

तिच्याकडं मोबाईल होता. शिवरुद्रप्पांनी नवा घेतला तेव्हा जुना तिच्याकडं आलेला. ती त्यावर वेळ बघायची आणि सकाळी वचनांची गाणी लावायची, बस. निकितानं माहीचा नंबर घातला, माहीचा फोटो लावला, आणि दोन घरांमधल्या भिंतीपलीकडून स्वतः कॉल करून तिला शिकवलं. हिरवं वर सारायचं. लालला बोट लावायचं न्हाई, मामी, काही झालं तरी. चन्नबसम्मानं मान हलवली. लालची ओळख तिला कुणी करून द्यायला नको होती.

सोमवार उजाडला आणि बाईचा जीव काही ठिकाणावर राहिना. भाताला आधण दोनदा ठेवलं. वरणात मीठ नाही. शिवरुद्रप्पा सोमवारी पूजेला जास्त वेळ बसायचे, डाव्या तळहातावर लिंग ठेवून नजर लावायचे, आणि आज ती त्यांच्याभोवती अशी घिरट्या घालत होती की त्यांनी डोळे न हलवता हातानंच तिला लांब हो म्हणून खुणावलं. जेवताना त्यांनी मीठ मागून घेतलं. जेवण झालं, ते आतल्या खोलीत आडवे झाले. चन्नबसम्मानं परसाचं दार ओढून घेतलं आणि उन्हात पायरीवर बसून फोन हातात घेतला.

आणि तिला तो डाग दिसला.

डाग म्हणजे काय, सगळा फोनच डागाचा होता! उन्हात तिरपा धरल्यावर सगळं उघडं पडलं. कणकेचा अंगठा, हळदीचं बोट, तेलाचा ओघळ, कडेला काजळीसारखी काळी रेघ. या असल्या काचेतून नातीचं तोंड बघायचं? जन्मात पहिल्यांदा? नातीला तरी आजी कशी दिसावी, हळदीनं बरबटलेली? अजून वेळ होता. तिनं पदरानं पुसलं. तेल जागचं पसरून सगळीकडं झालं. पदर ओला करून पुसलं, तर रेघांवर रेघा उठल्या. मग तिनं फोनचं रबरी कवच काढलं, देवळीतली विभूती आणली, बोट पाण्यात बुडवलं आणि काचेच्या मधोमध चिमूटभर विभूती ठेवून गोल गोल चोळायला सुरुवात केली. फोन डाव्या तळहातावर, उजव्या हाताचं बोट फिरतंय. चांदी जशी घासतात तशी, अगदी मायेनं.

फोन बंद करायचा असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कुणाला विचारलं नव्हतं. काच उजळली ती वेगळ्याच अर्थानं. कॅमेरा उघडला. कॅमेऱ्यात तिला आपली हनुवटी दिसली. मग कुठलीशी जाहिरात बोलायला लागली. ती घाबरून आणखी जोरात चोळायला लागली, कारण घाबरल्यावर तिला तेवढंच येत होतं. विभूतीचा पांढरा चिखल काचभर झाला, वरच्या आवाजाच्या बारीक फटीत जाऊन बसला. आता हा धुवावा म्हणून तिनं तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, आणि फोन वाजला.

चिखलाखालून माहीचा फोटो वर आला. तिचे दात, तिचं कपाळ, बाकी सगळं पांढरं. चन्नबसम्माच्या ओंजळीतलं पाणी काचेवर सांडलं. तिनं ओला अंगठा हिरव्यावर ठेवला आणि वर सारला. काही होईना. पुन्हा सारला. अंगठा विभूतीवरून नुसता घसरत होता. काचेवरचं पाणी ओघळत ओघळत खाली आलं आणि कुणीही बोट न लावता लाल गोळा दबल्यासारखा झाला. फोटो गेला. वाजणं थांबलं.

गल्लीत कुठंतरी हातपंप चालू होता, त्याचा आवाज तेवढा येत राहिला. चन्नबसम्माला काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. तिकडं, हैदराबादेत, माहीनं काय बघितलं असेल? मायनं कट केला. आजही कट केला. बाळाला मांडीवर घेऊन, तेल लावून, टोपडं घालून पोर बसली असेल, आणि मायनं कट केला. आता ती काय समजायचं ते समजली असेल, आणि ती बापाचीच लेक, एकदा बोलली की बोलली.

तिनं परत लावायचा प्रयत्न केला. फोन अंगात आल्यासारखा आपल्या मनानंच चालत होता. टॉर्च लागली ती विझेना. तसाच पेटता फोन पदरात धरून ती किशनरावांच्या घराकडं पळाली. दाराला कुलूप. सगळे हरभरा काढायला शेतावर. ती कुलूप हलवून बघत राहिली, जसं काही हलवल्यानं निकिता आतून येणार होती. बाजारात मोबाईलचं दुकान होतं, पण तिथं नेला असता तर पोरानं आधी कुणाचा फोन, कशाला, असं विचारलं असतं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या झरीला बातमी गेली असती. राहिलं एकच दार. ज्याच्यापासून हे सगळं लपवलं होतं त्याचंच. ती परत आली, परसाच्या दारात थांबली, पदरानं चौकट पुसायला लागली, आपण काय करतोय हे लक्षात आल्यावर हात ओढून घेतला आणि आत गेली.

शिवरुद्रप्पा झोपलेले नव्हते. बाजेवर उठून बसले होते, चष्मा हातात. तिनं ठरवून ठेवलेलं काहीच तोंडातून निघालं नाही. सरळ म्हणाली, "माहीचा फोन व्हता. तिला बाळ दाखवायचं व्हतं. माझ्याच्यानं कट झाला."

इतक्या वर्षांनी ते नाव त्या खोलीत निघालं. शिवरुद्रप्पांनी चष्मा घातला, तिच्या हाताकडं बघितलं. पांढरे हात, पदरात उजेड. त्यांनी हात पुढं केला. तसाच, तेव्हासारखा. चन्नबसम्मानं फोन आधी पोटाशी धरला. आज द्यायचा नाही, जीव गेला तरी द्यायचा नाही, असं तिला वाटलं. पण न देऊन करणार काय? तिनं दिला.

त्यांनी विचारलं, "विभूती का?"

तिनं मान हलवली. त्यांनी कडेचं बटण दाबून धरलं, फोन पार बंद केला. टॉर्च विझली. तिला वाटलं संपलं सगळं. तिनं तोंड उघडलं तर ते म्हणाले, आधी बंद करावा लागतो, चालू असला की ओल आत जाती. मग त्यांनी उशाखालून चष्म्याची डबी काढली आणि डबीतलं ते मऊ कापड काढलं.

हे कापड म्हणजे घरातली सगळ्यात सोवळी वस्तू. मोतीबिंदू काढल्यावर परभणीच्या चष्मेवाल्यानं ते चष्म्याबरोबर दिलं होतं, आणि काच कशी पुसायची हे चांगलं बजावून सांगितलं होतं. मागचा चष्मा विभूतीनं गेलेला, त्यामुळं शिवरुद्रप्पांनी ते ऐकलं आणि तंतोतंत पाळलं. बायकोला तर कापडाला हातही लावू दिला नव्हता. आता ते कापड त्यांनी मांडीवर पसरलं.

त्यांनी फोन आधी पालथा धरून हलकेच झटकला. सुकत आलेली विभूती खाली पडली. घासायची नाही, ते म्हणाले, राखेत बारीक खडा असतो, तो काचेवर ओढला की काच गेली. आवाजाच्या फटीतली राख काढायला त्यांनी आपला दाढीचा ब्रश मागितला, कोरडा. मग पिण्याच्या पाण्यात कापडाचं एक टोक भिजवलं आणि इतकं पिळलं की थेंब निघेना. पाणी कापडाला दाखवायचं, फोनला नाही. त्या टोकानं त्यांनी काच टिपली, न दाबता, वरून खाली. मग कोरड्या टोकानं. साबण नको, ती काच पुसायची निळी बाटली नको, काही नको.

आणि चन्नबसम्मा? तिचा जीव टांगणीला लागलेला. हा माणूस अशा तब्येतीत पुसत होता, जसं काही पुढच्या दिवाळीपर्यंत वेळ होता. तिला वाटत होतं, तिकडं पोर रडत असेल. तिला वाटत होतं, तिनं आपला नंबर काढून टाकला असेल. तिनं विचारलं, उन्हात ठेवू का? ते नाही म्हणाले. चार्जरला लावू का? ओला असताना लावायचा नाही. ती उठली, बसली, पाण्याचा माठ पुसला, माठाची तिवई पुसली, पुन्हा उठली.

"जरा सबर धर," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, तिच्याकडं न बघता, "वाजला तवा मी जागाच व्हतो."

ती माठाजवळच खाली बसली.

शेवटी त्यांनी फोन चालू केला. काच स्वच्छ होती, पण मधोमध, जिथं तिचं बोट जास्त फिरलं होतं, तिथं एक धुरकट गोल राहिला होता. बारीक चरे. तो आता जाणार नव्हता. चन्नबसम्मा हात पुसत पुढं झाली तर त्यांनी फोन मागं घेतला. तुझे हात अजून ओले हायत, म्हणाले. आणि आपल्या कोरड्या बोटानं माहीच्या फोटोवर त्यांनी स्वतः दाबलं.

वाजत राहिला. वाजून वाजून आपोआप बंद झाला. चन्नबसम्मानं डोळे मिटून घेतले. म्हणजे समजली पोर. समजली आणि बोलल्याप्रमाणं वागली. शिवरुद्रप्पांनी पुन्हा दाबलं.

या वेळी उचलला. माहीचं तोंड दिसलं, सुजलेलं आणि घट्ट मिटलेलं, ऐकून घ्यायला नव्हे तर ऐकवायला फोन उचलल्यासारखं. पण शिवरुद्रप्पांनी फोन नाकाजवळ धरला होता, त्यामुळं तिकडं तिला फक्त एक कपाळ दिसलं असणार, विभूतीच्या तीन पट्ट्यांचं. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"मायनं कट न्हाई केला," शिवरुद्रप्पा म्हणाले. "फोन ओला झालता." मग चष्मा सारखा केला. "मागच्या बारीला मी केलता. आज कुणी न्हाई केला."

तिकडं काहीतरी हललं. शिवरुद्रप्पांनी मान न वळवता हाक मारली, "माहीची माय, इकडं सरक. तुला बी दिसू दे."

चन्नबसम्मा सरकली. बाजेच्या कडेला त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली. धुरकट गोल नेमका मधोमध होता आणि त्या गोलात एक टोपडं आलं, त्याखाली गाल, लाळ, एक मूठ. बाळानं पुढं झेपावून तिकडच्या फोनलाच तोंड लावलं. एकदम सगळं ओलं आणि धूसर झालं. माही रडता रडता हसली आणि, लेक शेवटी कुणाची, पुसायला ओढणी उचलली.

"ओढणीनं पुसू नको, काच जाती," शिवरुद्रप्पा म्हणाले. "मऊ कापड घे. अन् आधी फोन बंद कर..."

ते मधेच थांबले. चष्म्याआड त्यांचे डोळे भरून आले.

"न्हाई, माही. बंद करू नको. राहू दे तसाच."

माहीनं ओढणी खाली घेतली. लाळेआड नात अंधुक अंधुक हलत होती. चन्नबसम्माला ती लाळ दिसत होती, आपल्या काचेवरचे चरेही दिसत होते, आणि तिचे दोन्ही हात मांडीवर तसेच पडून होते.